साधकबाधक चीन

उजनीच्या काठावर चीनविषयी मत नसलेला माणूस सापडणं अवघड. मत पाण्याविषयी असतं, कारखान्याच्या दराविषयी असतं, शेजाऱ्याच्या बांधाविषयी तर असतंच. पण ती मतं मांडण्याआधी पारावर कोण कोण बसलंय, हे एकदा बघून घ्यावं लागतं. चीनच्या बाबतीत ही अडचण नाही. शी जिनपिंगांना कितीही फैलावर घ्या, त्यांची भावकी रात्री दारात येत नाही, सोसायटीचं कर्ज अडत नाही की कुणी पाइपलाइनीचा कॉक फिरवून ठेवत नाही. त्यामुळे टेंभुर्णीपासून भिगवणपर्यंत, पाण्याच्या अलीकडं आणि पलीकडं, चीनवर जितकं निर्भयपणे बोललं जातं तितकं खुद्द चीनमध्येही बोललं जात नसावं.

ज्या मोबाइलवरचा व्हिडिओ पुढं करून ही चर्चा रंगते तो बहुधा चिनी कंपनीचा असतो. रात्रीच्या लाइटीला उसाला पाणी धरायला जाताना डोक्याला बांधायची बॅटरी चिनी असते, फवारणीचा पंप चिनी असतो. चर्चा संपल्यावर चौकातल्या गाड्यावर जी ‘चायनीज भेळ’ खाल्ली जाते, तेवढीच काय ती चिनी नसते. तिच्या शेजारच्या कढईतलं मंचुरियन तर कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी 1975च्या सुमारास मुंबईत जन्माला घातलेलं. पण हे गाडीवाल्याला सांगून उपयोग नाही. त्याच्या पाटीवर ड्रॅगन आहे आणि ड्रॅगनच्या खाली ‘आई तुळजाभवानी प्रसन्न’ आहे. एवढा पुरावा गिऱ्हाइकाला पुरतो.

अशा वातावरणात वाढलेल्या माझ्या पुतण्याला विद्यापीठानं चीनवर निबंध लिहायला सांगितला, तेव्हा घरात कुणालाच काळजी वाटली नाही. तो राज्यशास्त्रात एमए करतो, बाहेरून. प्रश्न असा होता: ‘समकालीन चिनी समाजातील शहर आणि खेडे यांतील दरी ही दारिद्र्यातून नव्हे, तर राज्यसंस्थेच्या धोरणातून निर्माण झाली आहे. या विधानाची साधकबाधक चर्चा करून स्वतःची भूमिका मांडा. शब्दमर्यादा 1500.’

घोडं अडलं ते ‘स्वतःची भूमिका’ या दोन शब्दांपाशी. पहिलीपासून पदवीपर्यंत या मुलाला कुणी भूमिका विचारलेली नव्हती. टीपा लिहा म्हटलं की टीपा लिहिल्या, फरक स्पष्ट करा म्हटलं की मधोमध रेघ मारून फरक स्पष्ट केला. आता अचानक विद्यापीठाला त्याचं मत हवं होतं, आणि तेही अशा देशाबद्दल की ज्याविषयी त्याच्याकडं मतं भरपूर होती पण माहिती अजिबात नव्हती.

त्याचा पहिला खर्डा मी वाचला. ‘आजच्या एकविसाव्या शतकात चीन हा एक प्राचीन देश आहे,’ अशी सुरुवात. बाविसाव्यात तो प्राचीन राहणार नाही, अशी काहीतरी बातमी याच्याकडं असावी. शेवट, ‘अशा प्रकारे प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात.’ मधला मजकूर ‘अपेक्षित’मधून उतरवलेला. त्यात चिनी शेतकरी अजून कम्युनमध्ये राबत होता. कम्युन ऐंशीच्या दशकातच मोडीत निघाल्या, ही गोष्ट गाइड लिहिणाऱ्यापर्यंत पोचलेली नाही आणि आपल्याकडं परीक्षा गाइडाप्रमाणे होत असल्यानं ती पोचण्याची निकडही नाही.

दुसरा खर्डा त्यानं मोबाइलला विचारून लिहिला. तो फारच सभ्य होता. एकीकडं असं आहे, दुसरीकडं तसं आहे, एकंदरीत विषय गुंतागुंतीचा आहे. वाचून झाल्यावर चीनमध्ये दरी आहे की नाही, हेच मला कळेना.

मग मी त्याला बसवून सांगितलं, की युक्तिवादाचा निबंध म्हणजे आधी आपलं म्हणणं मांडायचं, मग त्याची कारणं द्यायची, पुरावे द्यायचे आणि त्यानंतर विरोधी बाजू मांडून तिला उत्तर द्यायचं.

“विरोधी बाजू मीच मांडायची?”

“हो.”

“आन ती चांगली मांडायची?”

“चांगल्यातली चांगली.”

“काका, मग मत कोण देणार आपल्याला?”

दोष त्याचा नाही. वादविवादाचं शिक्षण त्यानं जिथं घेतलं तिथं हीच पद्धत आहे. ग्रामसभेत समोरच्याचं म्हणणं आधी नीट मांडून मग खोडून काढणारा माणूस मी माझ्या हयातीत पाहिलेला नाही. आमच्याकडं समोरच्याचा मुद्दा खोडायचा नसतो, त्याचा चुलता खोडायचा असतो. ‘तुझ्या चुलत्यानं 1972च्या दुष्काळात काय केलं ते काढू का?’ इथं चर्चा संपते. काढू का, हा प्रश्नच असतो. काढत कधीच कुणी नाही.

तरीही पुरावे गोळा करायचे म्हणून पुतण्यानं तो प्रश्न पारावर नेला. चीनमध्ये ‘हुकौ’ नावाची नोंदणी आहे, हे त्यानं वाचून काढलं होतं. 1958 सालच्या कायद्यानं प्रत्येक कुटुंबाची नोंद झाली, गावचं किंवा शहरचं. माणूस वीस वर्षं शेंझेनमध्ये इमारती बांधील, पण नाव गावच्या दप्तरी. मग शहरातली शाळा, दवाखाना, घर या सगळ्यात त्याचा नंबर मागं. लेकराला बारावीनंतरची ती भयंकर ‘गावखाव’ परीक्षा द्यायची झाली, तर बहुतेकांना जून महिन्यात आपल्या मूळ प्रांतात परत जावं लागतं. असे गाव सोडून कामाला गेलेले लोक जवळजवळ 30 कोटी आहेत.

तात्या तंबाखू मळता मळता म्हणाले, “म्हंजी आपल्या ऊसतोडीवाल्यांसारखं.”

उदाहरण एकदम जमून आलं. दिवाळी झाली की बीडकडून टोळ्या येतात, उसाच्या फडाजवळ कोप्या पडतात, कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत मुक्काम हलत नाही. पोरांची नावं तिकडच्या शाळेत आणि पोरं इकडं वाढ्यांच्या मोळ्या बांधत. पुतण्या वही काढून लिहायला लागला. मी मध्ये पडलो. म्हटलं, “पण तात्या, त्यांना इथं राहू नका असं सांगणारा कायदा आपल्याकडं कुठाय? मग ही दरी धोरणातून आली का दारिद्र्यातून?”

पार थोडा वेळ गप्प झाला. आमच्या पाराच्या इतिहासात ही नोंद घेण्यासारखी घटना आहे. मग तात्या म्हणाले, “कायदा न्हाय म्हणून तर कुणाला धरता येत न्हाय. चीनमधी निदान कुणाला धरायचं ते तरी ठावं हाय.”

राज्यशास्त्राच्या पाच क्रमिक पुस्तकांत मिळून जे सापडलं नव्हतं, ते असं तंबाखूच्या चिमटीबरोबर बाहेर आलं. विरोधी बाजू अण्णांनी लढवली, आणि तीही आपण लढवतोय हे न कळता. ते म्हणाले, “नाव गावात हाय त्येच बरं. करोनात पुण्याची समदी गाद्या घिऊन हितंच आली की. गावात जमीन व्हती म्हणून पडायला जागा मिळाली.” चीन सरकारच्या बाजूनं जे युक्तिवाद केले जातात त्यात हा एक ठळक आहे. गावची जमीन हाच कामगाराचा आधार, आणि नोंदणीमुळेच शहरांभोवती झोपडपट्ट्या कमी वाढल्या. शिवाय 2014 साली गावची नोंद आणि शहरची नोंद हा भेद कागदावरून काढून टाकल्याचं सरकारनं जाहीर केलं, लहान शहरांची दारं बरीच उघडली. मोठ्या शहरांची अजून किलकिलीच आहेत. अण्णांना यातलं काही माहीत नव्हतं आणि सांगितल्यावर त्यांना ते आवडलंही नाही. “म्या चीनच्या बाजूनं कशाला बोलू?” असं म्हणून त्यांनी आपला मुद्दा मागं घ्यायचा प्रयत्न केला. तोवर तो वहीत उतरला होता.

खरी पंचाईत धरणानं केली. यांगत्सेवरच्या ‘थ्री गॉर्जेस’ धरणानं सुमारे 13 लाख लोक उठवले, हे वाचल्यावर काठावरच्या मुलाची लेखणी कोण आवरणार? त्यानं आधी धरणाचा साठा टीएमसीत काढला, कारण घनमीटरमधलं पाणी आमच्याकडं पाणी धरत नाहीत. उत्तर आलं 1388 टीएमसी. म्हणजे जवळजवळ बारा उजन्या. आकडा ऐकून पारावर ‘आईऽऽगं’ असा एक सामुदायिक उद्गार निघाला आणि अण्णांनी लगेच विचारलं, “त्यात मृतसाठा किती?”

हा प्रश्न फक्त उजनीकाठचा माणूस विचारू शकतो. आमच्या 117 टीएमसीतलं 63.66 टीएमसी पाणी मृत धरलेलं आहे. उरलेल्या जित्या पाण्यावर टक्केवारी काढतात. त्यामुळे आमचं धरण चांगल्या पावसात 110 टक्क्यांवर जातं आणि उन्हाळ्यात वजा पन्नासच्याही खाली उतरतं. शंभरपैकी एकशे दहा मार्क मिळवणारं आणि वजा पन्नासला जाऊनही पास होणारं दुसरं काही मी शिक्षणक्षेत्रात पाहिलेलं नाही. आणि मृत म्हणवलेलं हे पाणी सगळ्यांत जास्त उपसलं जातं, ते वेगळंच.

पाणी मायनसमध्ये गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. किती पायऱ्या उघड्या पडल्या यावरून म्हातारी माणसं पातळी सांगतात, त्यांना पाटबंधारे खात्याचा मेसेज लागत नाही. पुतण्यानं चीनमधलं बायहलियांग शोधून काढलं. नदीच्या पात्रातल्या खडकावर बाराशे वर्षांपूर्वीपासून मासे कोरलेले आहेत. नदी आटली की मासे दिसायचे आणि त्यावरून लोक पातळी ओळखायचे. धरण झालं आणि ते कायमचे पाण्याखाली गेले. चिन्यांनी मग तिथं 2009 साली पाण्याखालचं संग्रहालयच बांधलं, भुयारातून खाली जाऊन काचेतून मासे बघायचे. हे वाचून अण्णा म्हणाले, “आपल्याकडं संग्रहालय कशाला? उन्हाळ्यात सरकार सवताच पाणी सोडून समदं उघडं करतंय.”

हे सगळं मिळून निबंधात सहाशे शब्द झाले. प्रश्न शहर-खेड्याचा होता, म्हणून मी ते कापायला लावले. उजनीत गेलेली आजोबांची जमीन दुसऱ्यांदा बुडवल्याचा आरोप माझ्यावर झाला. विस्थापितांना शहरची नोंद मिळाली की गावची, एवढा एक परिच्छेद ठेव म्हटलं, तर नाराजीनं ठेवला.

जमिनीच्या मुद्द्यावर तर पारानं चीनला थेट नापासच केलं. तिथं शेतजमीन सामूहिक मालकीची. शेतकऱ्याला कसायला मिळते, मुदतीच्या करारानं.

“सातबारा न्हाय?” तात्या.

“न्हाय.”

“मग पोरीकडची बघत्यात काय?”

शेतीच्या मालकी हक्कावरचा इतका नेमका प्रश्न मी ऐकलेला नाही. पुतण्यानं सांगितलं, की 1978 साली आन्हुई प्रांतात श्यावकांग नावाच्या खेड्यातल्या 18 शेतकऱ्यांनी रात्री गुपचूप एका कागदावर अंगठे उठवले आणि सामूहिक जमीन घरागणिक वाटून घेतली. कुणी तुरुंगात गेला तर त्याची पोरं बाकीच्यांनी सांभाळायची, असंही ठरलं. पुढं सरकारनं तोच मार्ग देशभर नेला. पार हसायला लागला. अठरा घरं एका रात्रीत वाटणी करतात, एका कागदावर अंगठे देतात आणि त्यांतला एकही दुसऱ्या दिवशी तहसीलला जात नाही? ही गोष्ट चीन सरकारनं रचलेली आहे, असं एकमतानं ठरलं. तो कागद संग्रहालयात आहे म्हटल्यावर अण्णा म्हणाले, “मोजणी झाली व्हती का पर?”

पोरीकडची काय बघतात, याचं उत्तर मात्र सापडलं, आणि त्यानं दोन्ही देशांमधलं अंतर एकदम कमी झालं. तिकडंही शहरात फ्लॅट आहे का, गाडी आहे का हे बघतात. वर मुलाकडच्यांनी मुलीकडच्यांना रोख रक्कम द्यायची. 2020च्या जनगणनेत चीनमध्ये बायकांपेक्षा पुरुष साडेतीन कोटींनी जास्त भरले. त्यांतला खेड्यातला, शेतीवाला मुलगा सगळ्यांत शेवटी. आमच्याकडं यावर बोलायला आकडे लागत नाहीत. डिसेंबर 2022मध्ये सोलापुरात लग्नाळू पोरांनी जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला होता. नवरदेवाचा पोशाख, काही जण घोड्यावर, पुढं बँड. मागणी, आम्हाला नवरी द्या, आणि गर्भलिंगनिदानाचा कायदा नीट राबवा. लोक हसले, पेपरांनी फोटो छापले. मागणीचा दुसरा भाग फोटोत येत नाही, त्यामुळे तो फारसा कुणाला आठवत नाही. नवरदेव असा थेट सरकारकडं नवरी मागायला गेला, यात मला तरी चीनपेक्षा प्रगती दिसते. तिथं असा मोर्चा निघाला असता तर वरात कुठं गेली असती, सांगवत नाही.

अपत्यांच्या धोरणावर गावाला शिकवावं लागलं नाही. उजनी पूर्ण झालं 1980 साली, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात चिनी पक्षानं एकच मूल असू द्या असं उघड पत्र काढलं. ते धोरण पस्तीस वर्षं चाललं. 2016पासून दोन, 2021पासून तीन मुलांना परवानगी, आणि 2022पासून लोकसंख्या घटायलाच लागली. आता मुलं व्हावीत म्हणून सरकार आर्जवं करतंय. आमच्याकडं 12 सप्टेंबर 2001नंतर तिसरं झालं तर ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही, आणि ही तारीख गावात स्वातंत्र्यदिनापेक्षा जास्त लोकांना पाठ आहे. निवडणूक लागली की विरोधी उमेदवाराच्या घरातली जन्मतारखेची नोंद शोधायला जे कष्ट घेतले जातात, तेवढे चिनी अधिकाऱ्यांनीही घेतले नसतील. तीन मुलांना परवानगी मिळाल्याचं ऐकून एक माजी सदस्य, ज्यांचं सदस्यत्व याच कारणानं गेलं होतं, चीनकडं पहिल्यांदाच आदरानं बघायला लागले.

घरातही चर्चा झाली. पुतण्या आईला सांगत होता, तिकडच्या कंपन्यांत सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्यात सहा दिवस काम करून घेतात. 2021 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ते बेकायदा ठरवलं. वहिनी गोठ्यातून धारा काढून येत होत्या. “नऊला सुरू? तवर माझ्या धारा, डेअरी, भाकऱ्या न् शेणघाण उरकलेली असती. आन सातवा दिवस सुट्टी?” याच वैतागानं तिथली तरुण पोरं आता कामाचा नाद सोडून नुसती आडवी पडून राहायचं म्हणतात, हेही त्यानं सांगितलं. वहिनींनी ओट्यावर आडवा पडून वाचणाऱ्या आपल्या चिरंजीवांकडं एकदा पाहिलं. हा पुरावा निबंधात आला नाही.

सोलापूर जिल्ह्यात बसून चीनवर लिहायचं आणि डॉ. द्वारकानाथ कोटणीसांना वगळायचं, हे शक्य नसतं. पुतण्यानं त्यांना प्रस्तावनेत घातलं होतं. मी म्हटलं, प्रश्न समकालीन आहे, ते 1942 साली गेले. तो म्हणाला, “पण ते आपले आहेत.” खरं आहे. 1910 साली सोलापुरात जन्मले, 1938 साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तिथली भाषा शिकले, जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं आणि बत्तिसाव्या वर्षी तिथंच वारले. शांतारामबापूंनी 1946 साली त्यांच्यावर सिनेमा काढला. चीनविषयी मत द्यायचा अधिकार जिल्ह्यात कुणाला असेल तर तो त्यांना. त्यांनी तो देश बघितलेला होता. आम्ही बाकीचे बघितल्याशिवाय बोलतो आणि म्हणून इतकं भरभरून बोलतो. कोटणीस प्रस्तावनेत राहू दिले.

शेवटी पुतण्यानं भूमिका घेतली: दारिद्र्यानं दरी आखली, धोरणानं ती पक्की बांधून घेतली, आणि जिथं धोरण नाही तिथंही ती आपोआप बुजत नाही, हे आमच्या फडात दिसतं. मला ही बरी वाटली. विरोधी बाजू म्हणून अण्णांच्या गाद्या होत्या, त्यांना उत्तरही होतं. शब्द झाले 1640. जास्तीचे 140 मृतसाठ्यात धर म्हटलं.

निबंध तपासून आला. शेरा होता, ‘युक्तिवाद बरा. स्थानिक उदाहरणांना संदर्भ द्या. परत सादर करा.’ लाल शाईची खूण नेमकी तात्यांच्या वाक्याखाली. लेखक, वर्ष, ग्रंथ, प्रकाशक, स्थळ.

तात्यांना कळलं तेव्हा त्यांनी कागद मागवला, चष्मा धोतराच्या सोग्याला पुसला आणि म्हणाले, “नुसतं तात्या लिवू नगंस. माजी व्हाइस चेअरमन, विविध कार्यकारी सोसायटी, आसं लिव. प्रकाशक मारुतीचं देऊळ घाल.” संध्याकाळपर्यंत ही बातमी अण्णांकडं गेली. ते वाक्य आपलंच, तात्या त्या वक्ताला तंबाखू मळत होता, तोंडात चुना असलेला माणूस बोलेल कसा, असा त्यांचा दावा. साक्षीदार निघाले, दोन्हीकडचे. अण्णांच्या चुलत्याचा 1972चा विषयही निघाला. दोघांची नावं घालावीत, इथवर तडजोड आली आहे. आधी कुणाचं, यावर पुतण्याची मुदत टळायला आली तरी बैठक उठलेली नाही.